उजवेकाका शेजारच्या सीटवर

सीमेच्या फाटकाअलीकडे, जिथे गाड्यांची रांग लागते, तिथे मोटारवाल्यांच्या संघटनेचं एक टपरीवजा ऑफिस आहे. ऑफिस कसलं, एक खिडकी, आत एक टेबल, एक पंखा आणि एक माणूस. त्या माणसाचं खरं नाव विचारलंत तर त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागेल. सगळे त्याला उजवेकाका म्हणतात. पोलीस, चहावाला, ट्रकवाले, सगळे.

कारण अगदी साधं आहे. आपल्या इकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि फाटकापलीकडच्या देशात उजवीकडून. आपली गाडी घेऊन तिकडे निघालेला प्रत्येक माणूस या खिडकीशी थांबतो, तिकडचा विमा काढतो, आणि फुकटात काकांचं भाषण ऐकतो. वीसेक वर्षांत भाषणातला एक शब्द बदलला नाही.

"साहेब, फाटक ओलांडलं की उजवीकडे. कळलं? उजवीकडे. सुरुवातीला कुणी चुकत नाही, कारण तेव्हा तुम्ही घाबरलेले असता. चुकतात ते वाटेत चहाबिहा पिऊन पुन्हा गाडीत बसताना. रस्ता मोकळा, समोर चिटपाखरू नाही, आणि हात आपसूक जुन्या बाजूला वळतो. दिव्यांवर ही काळी पट्टी लावा. आपले दिवे डावीकडे झुकलेले असतात, तिकडे ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. चमकणारं जाकीट डिकीत टाकू नका, सीटखाली ठेवा. गाडी बंद पडली तर ते घालूनच उतरायचं, नाहीतर पोलीस पावतीपुस्तक घेऊन हजर. पेट्रोल भरताना नळीचा रंग बघू नका, अक्षरं वाचा, तिकडे हिरव्या नळीतून डिझेल येतं. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं."

इथे काका खिडकीतून अर्धे बाहेर यायचे.

"ओव्हरटेक! तुमचं स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिकडे रस्त्याचा मध्य येतो तुमच्या डावीकडे. पुढे ट्रक असला की समोरून काय येतंय ते तुमच्या बापाला दिसणार नाही. ते दिसतं फक्त शेजारच्या सीटवर बसलेल्याला. तेव्हा शेजारी शहाणा माणूस बसवा आणि त्याच्या शब्दावर चला. तो जा म्हणाला की जायचं, थांब म्हणाला की थांबायचं. वाद घालायचा नाही. बायको असली तरी!"

रांगेत हशा पिकायचा. काका पुढच्या गाडीकडे वळायचे.

आता गंमत ऐका. या उजवेकाकांनी स्वतः पलीकडे एक फूटभरसुद्धा गाडी चालवली नव्हती. उभ्या जन्मात नाही! जायची वेळ आली की कधी गाडीचं काम निघायचं, कधी रजा मिळायची नाही, कधी कंबर धरायची. बायको म्हणायची, "अहो, भीती वाटते म्हणून सांगा की सरळ, कोण खाणार आहे तुम्हाला?" त्यावर काका वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

पण ही गोष्ट भीतीची नाही, जळण्याची आहे. उजवेकाका जळत होते. आणि कुणावर? स्वतःच्या व्याह्यावर.

काकांना एकच मुलगी. लहानपणी ती या खिडकीतच वाढली म्हणा ना. शाळा सुटली की टेबलाखाली बसून अभ्यास करायची आणि बापाचं भाषण सुरू झालं की ओठ हलवत सोबत म्हणायची. तिला गाडी चालवायची भारी हौस. "बाबा, मला शिकवा ना." "शिकवू, शाळा संपू दे." शाळा संपली. "शिकवू, कॉलेज होऊ दे." कॉलेज झालं. "शिकवू गं, एवढी काय घाई आहे?" घाई नव्हती खरी, पण एक दिवस पलीकडचा एक मुलगा इकडचे नियम विचारायला खिडकीशी थांबला, काकांनी त्याला तेच भाषण उलटं करून ऐकवलं, आणि मुलगी तेव्हा डबा घेऊन आली होती. पुढचं तुम्हाला सांगायला नको. जावई खिडकीतून आला आणि मुलगी फाटकातून गेली.

जावयाबद्दल काकांची तक्रार नव्हती. गरीब मुलगा, मान खाली घालून बोलणारा. सगळी तक्रार होती ती त्याच्या बापाबद्दल. हे व्याही म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर. धिप्पाड देह, डोक्यावर एक केस नाही, आणि हसायला लागले की भिंतीवरची फ्रेम हलावी असं हसणं. मुलगी त्यांना पप्पा म्हणायची. आता सासऱ्याला काहीतरी म्हणायला हवंच, पण काकांच्या कानांना ते पप्पा असं टोचायचं की विचारू नका.

दर फोनवर तेच. "बाबा, पप्पा म्हणतात, गुडघ्याला शेक द्या." "बाबा, पप्पांनी मला बाजार दाखवला." "बाबा, पप्पा मला गाडी शिकवतायत!"

हे ऐकलं त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"पोटात दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मला तर दुखतंय असंच दिसतंय. गोळी घ्या."

"अगं, मी शिकवणार होतो तिला!"

"कधी? तिची मुलं कॉलेजात गेल्यावर?"

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाईचं म्हणणं खरं होतं, आणि खरं म्हणणं फार झोंबतं.

आणि मग तर कडेलोटच झाला. मुलगी नुसती गाडी शिकून थांबली नाही, बस शिकली. सासऱ्याच्याच डेपोत, सासऱ्याच्याच ओळखीने, सासऱ्याचीच खाकी टोपी डोक्यावर घालून. तिने फोटो पाठवला. काकूंनी तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. काकांनी एकदा पाहिला आणि म्हणाले, "टोपी मोठी होतेय तिला."

डेपोने एक नवी फेरी सुरू केली. त्यांच्या गावापासून थेट सीमेच्या फाटकापर्यंत. आतापर्यंत या रस्त्याला बसच नव्हती, काकाकाकूंना जावई येऊन न्यायचा-आणायचा. पहिली फेरी भर दुपारी बाराला सुटणार होती, आणि चालवणार होती काकांची मुलगी.

"बाबा, पहिली सीट तुमची," ती फोनवर म्हणाली. "दारातली. तुम्ही डेपोत यायचं, माझ्या बसमध्ये बसायचं, आणि मी तुम्हाला घरी आणून सोडणार. आईने फाटकावर उभं राहायचं. मी लहानपणापासून तुमचं भाषण ऐकलंय, आता तुम्ही माझी बस बघा."

काकांना भरून आलं. चार दिवस ते वेगळ्याच तोऱ्यात होते. जायचं कसं? आपल्या गाडीने! स्वतः चालवत! डेपोच्या दारात गाडी उभी करायची आणि व्याह्यांसमोर किल्ली फिरवत उतरायचं; ती परत आणायला जावई होताच. त्यांनी गाडी धुतली, हवा भरली, दिव्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, त्याही फूटपट्टी लावून, मोजूनमापून. जाकीट सीटखाली ठेवलं. वरातीला निघाल्यासारखा थाट. आणि आदल्या दिवशी काकूंनी काय केलं, तर मुलीला फोन केला. "अगं, हे एकटे गाडी घेऊन निघालेत. माझा जीव थाऱ्यावर नाही."

झालं! लगेच मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही एकटे नका येऊ. पप्पा सकाळी ओळखीच्या टेम्पोतून फाटकावर येतील. तुमची गाडी ते चालवतील, तुम्ही शेजारी बसा. ऐका ना, बाबा."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण मुलीला नाही म्हणणार कसं?

दुसऱ्या दिवशी व्याही आले. आल्याआल्या काकांच्या पाठीवर अशी थाप मारली की काका अर्धं पाऊल पुढे गेले. मग त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पाय लावून पाहिला आणि दिव्यांपाशी वाकले.

"व्वा, व्याहीबुवा! पट्ट्या काय झकास लावल्यात! लोक वाकड्यातिकड्या लावतात."

कौतुकसुद्धा काकांना लागलं. मग व्याही स्टिअरिंगवर बसले, सीट खडखड करत पार मागे सरकवली आणि आरसा वळवला. काकांचा आरसा! कित्येक वर्षांत तो कुणी हलवला नव्हता, गाडी धुणाऱ्या पोरालासुद्धा काकांची ताकीद होती. काका डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. स्वतःच्या गाडीत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. पुढचा कप्पा गुडघ्याला लागत होता. बायको रोज कशी बसते, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

फाटक ओलांडलं आणि गाडी अलगद उजवीकडे गेली. तोंडातून एक शब्द नाही, सूचना नाही, काही नाही. काका जे वीस वर्षं ओरडून सांगत होते ते हा माणूस शीळ घालत करत होता. वर त्याला स्टिअरिंग नव्या बाजूला, गिअर नव्या हाताला.

"वेळेवर पोचू ना?" काकांनी विचारलं.

"आरामात. चहा घेऊनसुद्धा पोचू. पण हां, बारा म्हणजे बारा. डेपो कुणासाठी थांबत नाही."

"आज थांबेल. पहिला दिवस आहे."

"नाही थांबणार."

"माझी मुलगी चालवतेय, व्याहीबुवा."

"म्हणूनच नाही थांबणार," व्याही हसून म्हणाले. "फार शिस्तीची आहे पोर."

पोर! कुणाची पोर? काका खिडकीबाहेर बघत राहिले. आणि तिथेच त्यांच्या डोक्यात तो किडा शिरला. बघूच. थांबते की नाही बघूच. बाप आला नाही तर मुलगी बस हलवते का ते एकदा कळलंच पाहिजे. कळलं म्हणजे मग कुणाची पोर हेही कळेल.

व्याही बोलत होते. त्यांना बोलायला फार आवडायचं, आणि सुनेचा विषय निघाला की काही बघायला नको. ती वळणावर आधी गुणगुणते मग वळते, असं ते सांगत होते. काकांना हे माहीत नव्हतं. तिला घाटाची भीती होती, ती कशी गेली, ते सांगितलं. हेही काकांना माहीत नव्हतं.

"आणि पहिल्या परीक्षेत नापास झाली तेव्हा काय रडली! डेपोच्या मागे टायरांच्या ढिगावर बसून रडत होती. मी शोधत गेलो."

"नापास?" काकांनी मान वळवली. "कधी नापास झाली?"

व्याह्यांनी जीभ चावली. "अरेच्चा. तुम्हाला ठाऊक नाही होय? बाबांना सांगू नका म्हणाली होती मला. ते सगळ्या जगाला गाडी कशी चालवायची ते सांगतात आणि त्यांचीच मुलगी नापास, असं नको व्हायला, म्हणाली. बघा, किती जपते तुम्हाला!"

कुणी दुसरा असता तर हे ऐकून त्याचं काळीज सुपाएवढं झालं असतं. काकांना त्यातलं एकच ऐकू आलं. ती रडली, आणि रडताना तिच्याजवळ हा होता. मी नव्हतो. मला तर पत्ताही नव्हता.

नेमका तेव्हा पुढे ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक आला. चढावर धूर ओकत, रांगत चाललेला. व्याह्यांनी गाडी थोडी डावीकडे घेतली.

"बघा हो, व्याहीबुवा. जाऊ?"

काकांनी मान बाहेर काढली. रस्ता लांबवर मोकळा होता. एक सायकलसुद्धा नव्हती.

"थांबा," काका म्हणाले. "येतंय काहीतरी."

गाडी निमूट ट्रकच्या मागे गेली.

खरं सांगायचं तर काकांना बरं वाटलं. एवढा धिप्पाड माणूस, एवढा नावाजलेला ड्रायव्हर, आणि माझ्या एका शब्दावर थांबला! थोड्या वेळाने पुन्हा, "जाऊ?" पुन्हा, "थांबा, गाडी आहे." पुन्हा धूर, पुन्हा ओंडके. व्याही सांगत होते की सुनेने डेपोत सगळ्यांना काकांचं भाषण पाठ करून ऐकवलंय, नवे ड्रायव्हरसुद्धा ते म्हणतात. काका ऐकत नव्हते. त्यांच्या मनात हिशोब चालू होता. थोडा उशीर झाला पाहिजे. थोडाच. मुलगी दारात उभी राहून वाट बघेल, आणि आम्ही पोचलो की पप्पांकडे बघून म्हणेल, आज तरी वेळेवर आणायचं होतं माझ्या बाबांना.

"जाऊ?"

"छे छे! केवढा मोठा ट्रक येतोय!"

हळूहळू व्याह्यांचं बोलणं कमी झालं. मग शीळही थांबली. गाडीतल्या घड्याळाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. पण जाऊ का, असं विचारायचं मात्र सोडलं नाही, आणि काकांनी थांबा म्हणायचं सोडलं नाही. बारा वाजले तेव्हा ओंडके समोरच होते.

"सुटली बस," व्याही म्हणाले.

"थांबेल ती," काका म्हणाले. पण आवाज जरा बसला होता.

पुढच्या सरळ रस्त्यावर व्याह्यांनी पुन्हा गाडी डावीकडे घेतली. काकांनी मान बाहेर काढली, थांबा म्हणायला तोंड उघडलं, आणि या वेळी खरंच काहीतरी येत होतं. पिवळी, उंच, नवीकोरी. कपाळावर फुगे बांधलेले.

"थांबा!" काका ओरडले. "बस! बस येतेय!"

तिकडच्या बसचं स्टिअरिंग डावीकडे, आणि काकाही डावीकडच्या खिडकीत. त्यामुळे ती अगदी हाताच्या अंतरावरून गेली. मोठी होणारी टोपी आता नीट बसली होती, दोन्ही हात चाकावर, ओठ हलत होते, गुणगुणत असणार. काकांनी हात वर केला. तिने बाजूला पाहिलं नाही. कशी पाहील? चांगला ड्रायव्हर समोर बघतो. बस गेली, फुगे गेले, धूळ खिडकीतून आत आली.

ती थांबली नव्हती. बापाशिवाय निघाली होती.

काकांचा हात तसाच वर राहिला. व्याह्यांनी पहिल्या रुंद जागी गाडी वळवली.

"पुढच्या थांब्यावर गाठू," ते म्हणाले. "प्रवासी चढेपर्यंत वेळ मिळतो."

पण नशीबच असं की मध्ये एक ट्रॅक्टर घुसला. गवताने भरलेला, रस्ताभर पसरलेला. त्याच्या पलीकडे लांब बसच्या टपाचं पिवळं टोक दिसत होतं.

"जाऊ?" व्याह्यांनी विचारलं.

काकांनी अर्धं अंग बाहेर काढलं. "जा! मोकळा आहे! जा, जा!"

गाडी ट्रॅक्टरच्या मागेच राहिली.

"अहो, जा ना!"

"नक्की?"

वीस वर्षांत हा शब्द काकांना कुणी विचारला नव्हता. खिडकीशी येणारे हजारो लोक त्यांचं ऐकून मान हलवत आणि जात.

"नक्की म्हणजे काय? मी खोटं सांगतोय होय?"

व्याही हसले नाहीत. "मघापासून तुम्ही मला कितीतरी वेळा थांबवलंत, व्याहीबुवा. दर वेळी काहीतरी येतंय म्हणालात. जे येतं ते कधीतरी शेजारून जातं की नाही? बस येईपर्यंत तुमच्या खिडकीबाहेरून काहीच गेलं नाही. मी काही आंधळा नाही."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले. "माहीत होतं तर... तर मग गेला का नाहीत तुम्ही?"

"कसा जाणार?" व्याही म्हणाले. "त्यातलं एखादं खरं असतं तर? मला तर दिसत नाही."

ट्रॅक्टरवरून गवताच्या काड्या काचेवर उडत होत्या. काकांनी पुन्हा मान बाहेर काढून नीट पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मोकळा आहे. खरंच मोकळा आहे."

व्याह्यांनी मान हलवली आणि गाडी बाहेर काढली.

थांब्यावर बस उभी होती. काका धावत गेले, मागून व्याही. मुलीने त्यांना दारात पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला, मग लगेच लाल झाला.

"बाबा! कुठे होतात तुम्ही? मी शेवटच्या मिनिटापर्यंत सीट धरून ठेवली! डेपोचे साहेब निघा म्हणून हात दाखवत होते, तरी मी दाराकडेच बघत होते." मग तिची नजर काकांच्या खांद्यावरून मागे गेली. "पप्पा, तुम्हाला काल दहादा सांगितलं होतं, लवकर निघा. आज तरी! आजच्या एका दिवशी!"

व्याही पायरीखाली उभे होते. टकलावर घाम आला होता. "ट्रक होता पुढे, पोरी," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

बघा कशी वेळ! जे काकांना हवं होतं ते तंतोतंत, शब्दाशब्दाने समोर आलं. मुलगी पप्पांवर चिडली होती. बाबांची बाजू घेऊन चिडली होती. खोटं कशाला बोलू, काकांना क्षणभर फार गोड वाटलं. अगदी जिभेवर साखर ठेवल्यासारखं. गप्प बसलं असतं तर साखर तशीच राहिली असती, आणि व्याही तर बोलणार नव्हतेच, हे काकांना दिसत होतं. आणि तेच त्यांना सहन होईना. त्या माणसाचं ते न बोलणं!

"ट्रक होता," काका म्हणाले. "पण रस्ता मोकळा होता. मी जाऊ दिलं नाही त्यांना."

"म्हणजे?"

"थांबा, थांबा म्हणत राहिलो. खोटंच."

"बाबा! का?"

"तू ह्यांना पप्पा म्हणतेस म्हणून!" काका ओरडलेच. सगळी बस ऐकत होती. "तुला मी शिकवणार होतो, ह्यांनी शिकवलं म्हणून. नापास झालीस ते ह्यांना सांगितलंस, मला नाही, म्हणून. मला बघायचं होतं, माझ्यासाठी बस थांबवतेस का."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "निघायचं का, बाई?" मुलीने घड्याळाकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात चाकावरच होते.

"बसा, बाबा," ती म्हणाली. "चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं."

पहिल्या सीटवर आता एक बाई पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काका मागे गेले आणि अगदी शेवटच्या ओळीत, डावीकडच्या खिडकीशी बसले. बस हलली. मागच्या काचेतून त्यांना स्वतःची गाडी दिसली. व्याही एकटेच चालवत होते, शेजारची सीट रिकामी. बसच्या पाठीशी चिकटून, धूर खात ते येत होते. मध्येमध्ये गाडी डावीकडे सरकायची, डोकावायची आणि परत मागे जायची. त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

काकांनी खिडकीतून पुढे पाहिलं. रस्ता मोकळा होता. लांबच्या वळणापर्यंत सरळ, मोकळा.

त्यांच्या मनात काय आलं ते सांगतो. हा माणूस आता पुढे गेला की आपल्याआधी फाटकावर पोचणार. बायकोशेजारी उभा राहणार. फुगे बांधलेली बस आली की पहिली टाळी हाच वाजवणार, आणि मुलगी उतरेल तेव्हा समोर पहिलं तोंड ह्याचं. पोटात आग पडली हो, पुन्हा तशीच पडली. कबुली दिली म्हणून काही जळणं विझत नाही.

काकांनी पुन्हा एकदा रस्ता पाहिला. नीट, लांबवर, वळणापर्यंत. मग डावा हात खिडकीतून पार खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि जोरात पुढे हलवला. जा.

मागे लगेच इंडिकेटर लागला. गाडी डोकावली नाही, अडखळली नाही, सरळ बाहेर आली आणि बसच्या शेजारून पुढे निघून गेली.

"बाबा!" मुलगी आरशात बघून ओरडली. "हात आत घ्या!"

काकांनी हात आत घेतला.